बोटीवरच्या अँटेनासाठी एसीचा कॉपर पाइप: माझा रिव्ह्यू

दिवाळे कोळीवाड्यात मामाची बोट आहे, तिच्यावर ढगांचे फोटो थेट उपग्रहावरून घ्यायला घरीच क्यूएफएच (पिळदार लूपचा, सगळ्या दिशांनी सिग्नल घेणारा) अँटेना बनवला, त्यासाठी तुर्भ्याच्या एका एसी स्पेअरच्या दुकानातून दोन सुती (पाव इंची) कॉपर पाइप आणला. पाच स्टार.

नोआचे (अमेरिकेच्या हवामान संस्थेचे) जुने उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले, आता रशियाचे मेटिऑर हवामान उपग्रह पकडायचे, १३७.१ नाहीतर १३७.९ मेगाहर्ट्झवर. व्ही-डायपोल (दोन दांड्यांचा व्ही आकाराचा अँटेना) बनवायला सोपा पण तो उत्तर-दक्षिण बघून लावावा लागतो, आणि नांगरावरची बोट भरती-ओहोटीला तोंड फिरवते मग काय उपयोग? क्यूएफएच कसाही फिरला तरी चालतो, फक्त त्याचे लूप पिळदार वळवावे लागतात आणि इथेच कॉइलमधला नरम पाइप कामाला येतो, हाताने वळतो. आत बारीक सुकी वाळू ठासून भरा आणि मग वळवा, नाहीतर वळणावर चेपतो.

अ‍ॅल्युमिनियम स्वस्त आणि हलकं, गच्चीवर बेस्ट, पण केबलची तार कॉपरची असते आणि खाऱ्या हवेत दोन्ही टेकले की जोडावर पांढरी पावडर धरते, अ‍ॅल्युमिनियम खात जातं, वर साध्या सोल्डरने जुळत पण नाही. ३१६ स्टेनलेस खाऱ्या पाण्यात भारी, पण ते नट-बोल्टपुरतंच ठेवा, वळवायला जीव जातो.

कॉपर हिरवा पडतो, पडू दे. या फ्रिक्वेन्सीला करंट वरच्या काही मायक्रॉनमधूनच जातो म्हणून पोकळ पाइपही चालतो, खरं जपायचं ते जोडाला. सोल्डरवर सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप चांगली ताणून गुंडाळा. साधी काळी टेप उन्हात चिकट होऊन सुटते आणि मग पाणी केबलच्या जाळीतून आत चढत जातं, बाहेरून काहीच कळत नाही.

दुकानातले काका हवं तेवढं मीटरवर कापून देतात, अख्खी कॉइल गळ्यात मारत नाहीत, कापलेलं टोक घासून पण देतात. भाव अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बराच जास्त, तेवढी तयारी ठेवा. आणि हो, अँटेना बोटीच्या व्हीएचएफ रेडिओपासून जमेल तेवढा लांब लावा, त्याच्यावर १५६ मेगाहर्ट्झला कोणी बोललं की डोंगलला (लॅपटॉपला लावायच्या यूएसबी रिसीव्हरला) दुसरं काही ऐकूच येत नाही.