दहा हजारांचा प्रोजेक्टर, एक मालिकावाली अन् एक सिनेमावाली

दहा हजारांच्या आतबाहेरचा छोटा एलईडी प्रोजेक्टर घ्यावा का, असं अंबाजोगाईत मला बऱ्याच जणी विचारायल्यात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी लातूरहून आणला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतल्या यंत्रांचे गुण अन् खोड्या बहुतेक सारख्याच असतात. तुम्ही त्यावर काय बघणार, हे आधी ठरवायला पाहिजे.

आमच्याकडं बघणाऱ्या दोघी. मी सिनेमावाली. मैत्रीण मालिकावाली, अगदी कॉलेजपासून. ती म्हणते, "सिनेमा पाहुण्यासारखा गं, दोन तासांत उठून चालला. मालिकेतली माणसं घरची होतात." यावर आमचं कधी एकमत झालं नाही अन् होणारही नाही. आधी ती तिच्या घरी मोबाइलवर एक बघायची, मी माझ्या घरी दुसरंच, अन् भाजी निवडता निवडता एकमेकींना गोष्टी सांगायच्या. आता गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर, दोघी एकच बघतो. त्यामुळं या प्रोजेक्टरची तपासणी दोन अगदी वेगळ्या आवडींनी झाली आहे.

सुरुवात मी 'फँड्री'नं केली. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा जवळपास सगळा उन्हातला. माळ, बाभळी, धूळ, शाळेचं आवार. असं उजेडातलं चित्र हा प्रोजेक्टर फार छान दाखवतो. भिंतीपासून साधारण नऊ फुटांवर ठेवला की 100 इंचांचं चित्र पडतं (हे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं), म्हणजे रुंदी सव्वासात फूट. त्यातल्या जब्या नावाच्या पोराच्या चेहऱ्यावरची धूळसुद्धा दिसते. मैत्रिणीनं हा सिनेमा टीव्हीवर जाहिरातींसकट बघितलेला. "माहितीये गं मला शेवट," म्हणत ती चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसली होती. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्याकडं येतो. तिनं मान झटकन मागं घेतली, वाटी तशीच हातात. मग बराच वेळ काही बोलली नाही. एवढ्या एका क्षणासाठी मला या खरेदीचे पैसे वसूल वाटतात.

'तुंबाड'नं मात्र याची पार दमछाक केली. अख्खा सिनेमा पावसात, कंदिलाच्या उजेडात, वाड्याच्या अंधारात. या किमतीच्या प्रोजेक्टरमधलं एलसीडी पॅनल मागचा उजेड पूर्ण अडवू शकत नाही. त्यामुळं काळा म्हणून जो दिसतो तो राखाडी. वाड्यातल्या प्रसंगांत कोण कुठं उभं आहे तेच कळेना. मैत्रीण म्हणाली, "अगं, काय चाललंय? मला नुसता पाऊसच ऐकू यायलाय." ब्राइटनेस वाढवून उपयोग नाही, राखाडी आणखी फिकट होतो. अंधारी, भीतीची, रहस्याची गोष्ट आवडत असेल तर याच पैशात चांगला टीव्ही घ्या, हे मी अगदी मनापासून सांगते.

'कोर्ट' या सिनेमामुळं एक महत्त्वाची गोष्ट कळली. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंचा कॅमेरा एका जागी ठाम उभा असतो अन् माणसं चौकटीत लांबवर, बारीक दिसतात. तिथं यंत्राचं खरं रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांनी बनतं ते, उघडं पडतं. खोक्यावर 'फोर-के सपोर्ट' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच, की फोर-केची फाइल तो घेतो. दाखवतो स्वतःच्या पॅनलएवढंच. म्हणून दुकानात 'नेटिव्ह' किती, ते विचारा. 1280 गुणिले 720 असेल तर सोडा, 1920 गुणिले 1080 असेल तरच घ्या. माझा दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणून कोर्टातल्या मागच्या बाकावरची माणसंही दिसली. लुमेनचंही, म्हणजे उजेडाच्या मापाचंही, तसंच. खोक्यावर हजारोंनी लुमेन लिहितात, त्याला अर्थ नाही. 'अँसी लुमेन', म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड किती, एवढंच विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान बघा.

त्याच सिनेमात शेवटाकडं कोर्टाची खोली बंद होते अन् पडदा काळा होतो. मैत्रीण चटई गुंडाळायला उठली, "संपला ना?" म्हटलं, "बस, खरा शेवट पुढंच आहे." सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बघून ती म्हणाली, "हे मालिकेत दाखवायला शंभर भाग लागले असते." मी हे तिच्या तोंडून ऐकायला किती वर्षं थांबले होते!

मग तिची पाळी. तिनं काढलं बी. आर. चोप्रांचं 'महाभारत', 1988 ते 1990, 94 भाग. जुन्या टीव्हीच्या मापाचं चित्र, चारास तीन. भिंतीवर दोन्ही बाजूंना रिकाम्या पट्ट्या पडतात अन् त्याही राखाडीच. शिवाय मूळ चित्रीकरण त्या काळच्या टीव्हीपुरतं असल्यानं 100 इंचांवर मुकुट, दागिने, चेहरे सगळं विरघळल्यासारखं दिसतं. यावर उपाय सोपा आहे. प्रोजेक्टर पुढं सरकवून चित्र लहान करा. पन्नास-साठ इंचांवर जुन्या मालिका चांगल्या दिसतात. अन् खरं सांगायचं तर द्यूतसभेचे भाग बघताना पट्ट्यांकडं माझंही लक्ष राहिलं नाही. राही मासूम रझांचे संवाद ऐकायचे असतात, ते चित्राच्या मापावर थोडेच अवलंबून आहेत. इथं मैत्रीण जिंकली, हे तिला सांगूनही झालं.

आवाजाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण दुकानात कुणी तो ऐकून बघत नाही. आतला स्पीकर अगदीच किरकोळ. गच्चीवर वारा असला की अर्धे संवाद वाऱ्यावर. आम्ही त्यासाठी कसोटी लावली ती लक्ष्मण देशपांडेंच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ची. आमच्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे सर, रंगमंचावर एकटे, अन् 52 पात्रं. म्हातारी वेगळी, पोरगं वेगळं, प्रत्येकाचा सूर वेगळा. आतल्या स्पीकरवर सगळ्यांचा आवाज एकसारखा चेपलेला यायला लागला. आपल्या बोलीतले हेल कुठं वर जातात, कुठं खाली येतात, तेच ऐकू येत नसेल तर 'वऱ्हाड' बघून काय मिळणार? मग ब्लूटूथ स्पीकर जोडला. आवाज भरदार झाला, पण ओठ आधी हलायचे अन् शब्द मागून यायचे. शेवटी साधी ऑक्सची (हेडफोनसारख्या पिनेची) वायर लावली अन् सगळं जागेवर आलं. दोघी पोट धरून हसलो, खालून सासूबाई विचारायला आल्या अन् त्याही बसल्या. प्रोजेक्टर घेताना ऑक्सचं भोक आहे ना, हे बघाच.

ओटीटीचा घोळ आधी समजून घ्या. मोबाइलचा पडदा प्रोजेक्टरवर टाकला की पैसे भरलेल्या बऱ्याच ॲपचं चित्र काळं दिसतं, नुसता आवाज येतो. यंत्र बिघडलेलं नसतं, नक्कल होऊ नये म्हणून तशी सोय केलेली असते. एचडीएमआयला स्ट्रीमिंगची स्टिक लावली की प्रश्न मिटतो, पण तो खर्च वेगळा धरा.

चित्र वाकडं पडलं की लोक 'कीस्टोन'चं बटण दाबतात. त्यानं चौकट सरळ होते, पण पॅनलचा काही भाग वाया जाऊन चित्र मऊ पडतं. त्यापेक्षा स्टूल नीट मांडा, भिंतीच्या समोर सरळ.

लाईट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर हा आरामात चालतो, एवढी कमी वीज खातो. फक्त इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडवर ठेवा, नाहीतर ऐन प्रसंगात यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं. उन्हाळ्यात गच्ची रात्री नऊपर्यंत तापलेली असते, तेव्हा प्रोजेक्टर फरशीवर ठेवू नका. मागची जाळी मोकळी ठेवा, पंखा मग कमी घोंघावतो. पहिल्या पावसानंतर उजेडाला पाखरं येतात अन् थेट भिंगावर बसतात, पडद्यावर त्यांची हातभर सावली पडते. ते दिवस आम्ही खोलीत काढतो.

दुकानाबद्दल तक्रार एकच. वर्षाची वॉरंटी म्हणून दिली, पण दुरुस्तीसाठी यंत्र स्वतःच्या खर्चानं पुण्याला पाठवावं लागतं हे बिल झाल्यावर सांगितलं. तुम्ही आधीच विचारा.

या शनिवारी तिनं 'अग्निहोत्र' लावायचं ठरवलंय, पहिल्या भागापासून. मी 'श्वास' म्हणतेय. अजून ठरलं नाही.