छोट्या सुट्टीचा डबा: बिस्किटं, चिवडा की थालीपीठ?

पुण्यात सकाळची शाळा म्हणजे पावणेसातला रिक्षावाले काका दारात. त्या घाईत डब्यात बिस्किटांचा पुडा सरकवणं सगळ्यात सोपं, आणि ‘नाचणीची आहेत’ म्हटलं की मनाची समजूतही पटते.

पुडा उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. बऱ्याच ‘मल्टिग्रेन’ बिस्किटांत आधी मैदा, मग साखर आणि पाम तेल. नाचणी पार खाली, नावापुरती. शेवटी ३२२, ४७१ असे आकडे, म्हणजे इमल्सिफायर, तेल-पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ. घरच्या स्वयंपाकात कधीच न लागणाऱ्या अशा जिनसा दिसल्या की पदार्थ अल्ट्रा-प्रोसेस्ड. ब्राझीलचे संशोधक कार्लोस मॉन्तेरो यांच्या ‘नोव्हा’ वर्गीकरणाची, म्हणजे पदार्थावर किती प्रक्रिया झाली त्यावरून केलेल्या वाटणीची, ही ढोबळ खूण.

दोष नुसता साखरेचा नाही. अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकाच्या गटाने २० जणांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवलं: दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवण, दोन आठवडे साधं. समोर मांडलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, तंतू जुळवलेले. खायचं मात्र मनाला येईल तेवढं. अल्ट्रा-प्रोसेस्ड खाताना माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, भराभर खात होती, आणि दोन आठवड्यांत वजन साधारण ९०० ग्रॅम वाढलं. साध्या जेवणावर जवळपास तेवढंच उतरलं. हा २०१९चा प्रयोग. ही मोठी माणसं होती, पोरं नव्हेत. पण आख्खा पुडा बघता बघता संपवणारं मूल कोणत्या घरात नाही?

चिवडा मधला. पातळ पोहे, दाणे, डाळं, खोबरं, कढीपत्ता: सगळं ओळखीचं. तेल-मीठ आहेच, उगाच पौष्टिक म्हणू नका. पण दाणे चावावे लागतात, त्यामुळे हात जरा सावकाश चालतो.

माझं मत थालीपिठाला. कांदेपोहे सुट्टीपर्यंत गार होऊन चिवट होतात, थालीपीठ दह्यात मळलं की मऊ राहतं. आणि भाजणी घरचीच हवी हा हट्ट नको. बचत गटाची घ्या. भाजून दळलेली धान्यं-डाळी आणि धणे-जिरे, एवढंच त्यात. विकतचं म्हणजे वाईट असं इथे काही नाही. पीठ रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी दहा मिनिटांत दोन थालीपिठं होतात.

बाकरवडी? तळणच ते. चिवड्याच्या दिवशी, दोन.