सहा व्होल्टची डॉज, दोन पावसाळ्यांनंतर: पत्रा आणि वायरिंगच्या कामाचा अनुभव

आमच्या १९५३च्या डॉज किंग्जवेचं पत्र्याचं आणि वायरिंगचं काम होऊन सोळा महिने झाले. मध्ये कोल्हापूरचे दोन पावसाळे गेले, म्हणून आता लिहायला बसलो. रंग लागल्याच्या दुसऱ्या दिवशी कुठलीही गाडी सुंदरच दिसते. त्या दिवशीच्या कौतुकावर कुणी पैसे खर्च करू नयेत असं मला मनापासून वाटतं.

गाडी आजोबांची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवलेली. त्या काळी अशी अमेरिकन गाडी दारात उभी असणं म्हणजे घराचं वैभव होतं. सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, आणि वीज सहा व्होल्टची, तीही पॉझिटिव्ह अर्थ (अर्थिंग). म्हणजे बॅटरीचं प्लस टोक चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेलं, आणि गाडीचं लोखंडच परतीची वायर.

या सहा व्होल्टपायी आम्ही दहा वर्षं हैराण होतो. इंजिन तापलं की सेल्फ (स्टार्टर) फिरायचा नाही, हेडलाइट पिवळे, ब्रेकलाइट मागच्याला दिसेल न दिसेल असा. ज्याला विचारावं तो म्हणायचा, बारा व्होल्ट करून टाका. आधीच्या एका गॅरेजनं बॅटरीला साध्या बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल जोडली होती आणि वर सांगितलं होतं की ही गाडी आता अशीच चालणार. तेवढ्याच वॅटला सहा व्होल्टवर दुप्पट अँपिअर लागतात. बारीक केबलमधून ते यायचे कुठून?

उद्यमनगरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, ज्या मिस्त्रींनी शेवटी काम घेतलं, त्यांनी पहिल्या दिवशी मीटरची एक टोचणी बॅटरीच्या प्लसला लावली, दुसरी मागच्या दिव्याच्या बॉडीला, आणि मला ब्रेक दाबायला सांगितला. मीटरवर १.४ व्होल्ट. म्हणजे सहातले जवळजवळ दीड व्होल्ट परतीच्या वाटेवरच सांडत होते, आणि तेवढ्यानं बल्बचा प्रकाश निम्म्याहून खाली येतो. "साहेब, दिवा नव्हं, अर्थ बघा आधी," एवढंच ते म्हणाले.

मग कारण उलगडत गेलं. या गाडीची चासी वेगळी आणि बॉडी वेगळी. दोन्हींच्या मध्ये रबरी पॅड. इंजिनही रबरावर बसवलेलं. करंट परत जायचा तो बोल्टांमधून आणि पत्र्यातून, आणि तिथंच सत्तर वर्षांचा गंज. म्हणून माझं ठाम मत झालंय: अशा गाडीत पत्रा आणि वायरिंग ही दोन कामं दोघांकडे, दोन वेगळ्या वेळी देऊ नका. पत्रा हीच निम्मी वायर आहे.

पत्र्याचं काम सगळ्यात रेंगाळलं. कापडात गुंडाळलेलं चुंबक दारांच्या खालच्या कडेवरून फिरवलं, तर वीतभर जागेत ते चिकटेच ना. आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, काही ठिकाणी बोटाच्या पेरभर जाड. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, तीही कुणीतरी लांबीनं बुजवलेली. पाणी दारातच साठायचं आणि पत्रा आतून खायचं. सगळं उकरून कुजलेला भाग कापला, तेवढ्याच मापाचा सीआर (कोल्ड-रोल्ड) पत्रा कडेला कड लावून वेल्ड केला आणि मागे डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हातोड्यानं बसवला. पत्र्यावर पत्रा चढवून वेल्ड केलं की मध्ये पाणी अडकतं, म्हणून ते करू दिलं नाही. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, बंद पोकळ्यांत मेण. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवायची, तर चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. आम्हाला पुढे ती नोंदणी करायचीय, त्यामुळे जुना पत्रा जेवढा वाचेल तेवढा वाचवला.

वायरिंग पूर्ण नवं. जुन्या वायरींचं कापड हातात भुग्यासारखं यायचं, खालचं रबर तडकलेलं. बॅटरीपासून सेल्फपर्यंत ७० स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल घातली. ती उद्यमनगरात कुठंही मिळते. टोकांना लग (धातूची टोपी) दाबून वर सोल्डरचा डाग दिला. इंजिन ते चासी आणि चासी ते बॉडी अशा वेगळ्या अर्थ पट्ट्या बसवल्या. बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो जोडल्यावर मिस्त्रींनी कटआउटवरच्या (डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवरच्या) बॅटरी आणि डायनॅमोच्या टोकांना वायरचा तुकडा क्षणभर टेकवला. बारीक ठिणगी उडाली. डायनॅमोची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची दिशा, बसवायची ही रीत. ती चुकली तर डायनॅमो उलटा चार्ज करतो आणि कटआउटचे पॉइंट जळतात.

रंगानंतर मात्र एक घोळ झाला. नव्या कोऱ्या गाडीचे मागचे दिवे पुन्हा मंद! दिव्याच्या बोल्टखालची जागाही रंगवली गेली होती. तेवढा रुपयाएवढा गोल खरवडला, दातेरी वॉशर घातला, व्हॅसलीन लावलं. आता मीटर ०.१ दाखवतो.

सोळा महिन्यांत गाडी १,९०० किलोमीटर चालली. सेल्फ गरम इंजिनावरही एका दमात लागतो. गेल्या ऑगस्टमध्ये पन्हाळ्याहून रात्री उतरताना धुकं होतं, वायपर चालू, हेडलाइट चालू, आणि तरी पांढरी रेघ स्वच्छ दिसत होती. शेजारी आई होती. ती म्हणाली, "तुझे आजोबा रात्री ही गाडी काढतच नसत." मला भरून आलं.

तक्रारीही आहेत. पाच महिन्यांचं काम अकरा महिने चाललं. डाव्या मागच्या दाराची छटा दुपारच्या उन्हात वेगळी दिसते. काचांचे रबर चॅनल या मापाचे मिळाले नाहीत. दुसरे कापून बसवले, ते दुसऱ्या पावसात आकसले, आणि उजव्या पुढच्या दारातून पाणी आत येतं. तळाची भोकं उघडी असल्यामुळे ते निघूनही जातं. जूनमध्ये दाराचं आतलं कव्हर काढून टॉर्चनं पाहिलं, वेल्डच्या रेघेवर गंजाचा ठिपकाही नव्हता. सहा व्होल्टची बॅटरी ऑर्डर देऊनच मागवावी लागते, तीन आठवडे धरा.

दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते, ती पाहायला आम्ही दरवर्षी दसरा चौकात चालत जातो. त्याआधी रबराचं काम उरकायचंय. मिस्त्रींना नमुन्याचा तुकडा देऊन ठेवलाय. चॅनल मापाचं मिळालं तर इथेच कळवीन.