मोटर लावावी की हँडल? भंगारातल्या हलत्या शिल्पासाठी

सांगाडा उभा राहिला, बेअरिंगं धुऊन ग्रीस भरून झाली, कॅमही (फिरताना दांडी वर-खाली करणारी वाकडी चकती) कापून झाला. आता हे सगळं फिरवायचं कशानं? मी माझा भंगारातला बगळा आधी गाडीच्या काचेच्या वायपर मोटरवर चालवला आणि नंतर हँडलवर. सायकलच्या फोर्कचे पाय, फावड्याच्या पात्यांचे पंख, वेल्डिंगचे टाके मारून ताठ केलेल्या चेनची मान. खालचं सगळं या एका पक्ष्याच्या आणि त्यानंतरच्या दोन-तीन लहान कामांच्या जोरावर लिहिलंय, तेवढं धरून वाचा.

वाऱ्याचा पर्याय आधी बाजूला ठेवतो. वाऱ्यावर हलायला तुकडा हलका आणि नेमका तोललेला लागतो. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरचे ‘मोबाइल’, म्हणजे हलती शिल्पं, पातळ पत्र्याचे आणि तारेचे आहेत ते उगीच नाही. (गंमत अशी, की १९३१ मध्ये फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँने ‘मोबाइल’ हे नाव सुचवलं, तेव्हा काल्डर मोटरवर हलणाऱ्या रचनाही करत होता. पुढे तोचतोचपणाला कंटाळून तो वाऱ्याकडे वळला.) आपलं लोखंड जड, बेअरिंग झिजलेलं. झुळुकीला ते दाद देत नाही.

वायपर मोटर मात्र याच कामासाठी जन्मली असावी असं वाटतं. बारा व्होल्ट, आत वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांनी दातेरी चाक फिरवणारा), त्यामुळे वेग कमी आणि जोर भरपूर. व्होल्टेज उतरवलं की आणखी संथ चालते. एकदा जोडली की आपण मोकळे.

हा जोर आंधळा असतो, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. भंगारातला शाफ्ट कुठंतरी किंचित वाकलेला असतो, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) एका बाजूला खाल्लेला असतो, म्हणून दर फेऱ्यात एक जड जागा येते. हाताला ती कळते, हात तिथं दबकतो. मोटर दबकत नाही. पंख उचलणारी दांडी तिनं दोनदा वाकवली. पण एवढ्यावरून मी मोटर काढली नसती, कारण याला उपाय आहे. मध्ये पट्टा घाला, अडलं की तो घसरतो. स्विस शिल्पकार जाँ टिंग्वेलीच्या हलत्या यंत्रांतही असे पट्टे भरपूर दिसतात.

मला छळलं ते तिच्या गुणगुणण्यानं.

मोटर हातात धरून चालवली तर आवाज फारसा जाणवत नाही. माझी बैठक होती वॉशिंग मशिनच्या पत्र्याची. तिच्यावर मोटर कसली आणि पत्र्याचा ढोल झाला. एकसुरी घूंऽऽ, खोलीभर. खाली ट्यूबचं रबर घातलं, मग जाड नमदा, मग पत्र्याला आतून आडवी पट्टी मारली. प्रत्येक वेळी थोडा कमी झाला, गेला नाही. लोक येत, ‘छान आहे’ म्हणत आणि अर्ध्या मिनिटात पुढं जात. मी समजत होतो, पक्षीच नीट जमला नाही.

मग एकदा कॅम पुन्हा लावायचा होता. वर्म गिअरमुळे वायपर मोटरचा शाफ्ट बाहेरून हातानं फिरत नाही, म्हणून मोटरचा क्रँक (तिला यंत्राशी जोडणारा हात) सोडवून बगळा हातानंच फिरवला. स्प्रिंग ताणताना किर्र करते, पंख टोकाला जाऊन क्षणभर थांबतो, मग चोच मिटते, टक्. हा टक् मी त्याआधी एकदाही ऐकला नव्हता. मोटर त्या दिवशी उतरली ती उतरलीच.

हँडलचीही दुखणी आहेत. फिरवणारा नसेल तर शिल्प मुकं. मुलं भरधाव फिरवतात, आणि उलटं तर हमखास. यावर सायकलचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं एकाच दिशेनं जोर देणारं दातेरी चक्र, कामी येतं. हँडल त्याच्या आतल्या भागाला जोडा आणि चेन बाहेरच्या दात्यांवर घ्या. उलटं फिरवलं तर ते नुसतं टिकटिकतं, मोडत काही नाही. मात्र सायकलवर बसतं त्याच्या उलट्या तोंडानं बसवा, नाहीतर लोकांच्या हाताची सवय असते त्याच दिशेला ते टिकटिकत राहील. चेनच्या दुसऱ्या टोकाला, शिल्पाच्या शाफ्टवर, पेडलचं मोठं चक्र घ्या. १८ दात्यांवरून ४४ वर गेलं की हँडलचे जवळजवळ अडीच फेरे होतात तेव्हा शिल्पाचा एक, म्हणजे भरधाव हातालाही थोडा लगाम बसतो.

शिल्प उंचावर टांगायचं असेल, काचेआड राहणार असेल किंवा राखायला कुणी नसेल, तर अर्थात मोटरच घ्या. आवाज हाच तुमचा विषय असेल तरीही घ्या. टिंग्वेलीचा खडखडाट ठरवून केलेला होता. फक्त मोटर अखंड चालू ठेवू नका. स्वित्झर्लंडच्या बाझलमधल्या त्याच्या संग्रहालयात, १९९६ पासून उघडं आहे ते, बरीच यंत्रं पायानं बटण दाबल्यावर थोडा वेळ चालतात आणि थांबतात. यंत्राची झीज वाचते, शिवाय बघणाराही थांबून वाट पाहतो.

ठरत नसेल तर मुख्य शाफ्टचं टोक दोन बोटं बाहेर ठेवा आणि कानशीनं चौकोनी घासा, म्हणजे दोन्ही बसतील. हँडल आधी लावा, आठवडाभर फिरवा. मोटरसाठी भोकं पाडायची घाई नको. माझ्या बैठकीवरची तीन अजून उघडीच आहेत.