त्वचा रंगवायला कुठला पांढरा? ऑइल कलरच्या सफेद ट्यूबांचा आढावा

पोर्ट्रेट आणि फिगर करणाऱ्यांच्या पॅलेटवर सगळ्यात लवकर संपतो तो पांढरा, आणि सगळ्यात कमी विचार करून घेतला जातो तोही पांढराच. लाल घेताना शेडकार्ड तपासणारे लोक पांढऱ्याची मात्र हाताला लागेल ती मोठी ट्यूब उचलतात. पण त्वचेच्या उजेडातल्या जवळजवळ प्रत्येक छटेत पांढरा मिसळलेला असतो. गाल मऊ दिसतो की पिठूळ, खांद्यावरचा स्ट्रोक कडेला विरघळतो की तुटतो, दहा वर्षांनी रंगाचा वाळलेला पापुद्रा टिकतो की नाही, यातलं बरंचसं याच ट्यूबवर ठरतं.

आमचा कौल आधीच सांगतो. रोजच्या कामाला जवसाच्या तेलात घोटलेला, जस्त नसलेला टायटॅनियम व्हाइट घ्यावा आणि त्यात थोडी खडूची पुट्टी, म्हणजे खडूची पूड तेलात घोटून केलेला गोळा, मिसळून त्याचा जोर कमी करावा. ज्यांना स्टुडिओत शिस्तीनं काळजी घेता येते त्यांच्यासाठी शिशाचा सफेदा, म्हणजे क्रेमनिट्झ किंवा फ्लेक व्हाइट, त्वचा रंगवायला आजही सर्वांत चांगला. झिंक व्हाइट, म्हणजे जस्ताचा सफेदा, टिकाऊ कामात वापरूच नये.

टायटॅनियमपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांकडे तोच असतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तो बाजारात आला आणि झाकण्याच्या ताकदीवर त्यानं बाकीच्यांना मागे टाकलं. कारण साधं आहे. जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची ताकद, साधारण १.४८, शिसं आणि जस्त यांचे सफेदे २.०च्या आसपास, तर रुटाइल या स्फटिकरूपातल्या टायटॅनियमचा २.७. तेल आणि रंगद्रव्य यांच्यातलं हे अंतर जितकं मोठं तितका प्रकाश जास्त उलटतो आणि खालचा थर झाकला जातो. खालचं चुकलेलं रेखाटन पुसायला हे उत्तम, पण त्वचेत हीच ताकद नडते. यलो ऑकर आणि कॅडमियम रेड लाइटच्या मिश्रणात जरा जास्त टायटॅनियम पडला की छटा उजळते, पण त्याहून वेगानं तिचा रंग मरतो आणि ती निळसर-थंड होते. मग ती उबदार करायला पुन्हा लाल, लाल फार झाला म्हणून पुन्हा पांढरा. असं करत ढीग वाढत जातो आणि शेवटी गाल खडूसारखा दिसतो.

ट्यूब घेताना समोरचं नाव सोडा, मागचं बारीक लेबल वाचा. तिथे रंगद्रव्याचा संकेत छापलेला असतो: टायटॅनियमचा पीडब्ल्यू ६, जस्ताचा पीडब्ल्यू ४ आणि शिशाचा पीडब्ल्यू १. ‘टायटॅनियम व्हाइट’ असं ठळक छापलेल्या कित्येक ट्यूबांत पीडब्ल्यू ६ सोबत पीडब्ल्यू ४ असतो. जस्त घालण्यामागे उत्पादकाचं कारण असतं. निव्वळ टायटॅनियमचा थर मऊ राहतो, जस्तानं तो कडक आणि थोडा अधिक शुभ्र होतो. पण हाच कडकपणा पुढे ठिसूळपणात बदलतो. जस्त तेलातल्या आम्लांशी जोडलं जाऊन साबणासारखी संयुगं बनवतं. थर आखडतो, तडकतो आणि खालच्या थरापासून सुटू लागतो. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या संवर्धन-संशोधकांनी रंगांच्या पट्ट्या वर्षानुवर्षं ठेवून ताणून पाहिल्या, तेव्हा जस्त असलेल्या पट्ट्या काही वर्षांतच ठिसूळ झालेल्या आढळल्या. ताणलेल्या कॅनव्हासवर हा धोका जास्त, कारण हवेतल्या ओलाव्याबरोबर कापड सैल-घट्ट होत राहतं. फळीवर किंवा अॅल्युमिनियम पॅनलवर तो कमी होतो, पण संपत नाही. झिंक व्हाइटची एकच बाजू खरी आहे: तो पारदर्शकतेकडे झुकतो, त्यामुळे पातळ थरातल्या थंड छटा नाजूक येतात. ते काम पुट्टी घातलेला टायटॅनियमही करतो.

लेबलवर दुसरी गोष्ट बघायची ती तेल. जवसाचं तेल मजबूत पापुद्रा देतं, पण पिवळं पडतं. करडईचं आणि खसखशीचं कमी पिवळं पडतं, पण उशिरा वाळतं आणि पापुद्रा कमजोर देतं. अक्रोडाचं या दोघांच्या मध्ये बसतं. विन्सर अँड न्यूटनचा टायटॅनियम व्हाइट आणि गॅम्बलिनचा रेडियंट व्हाइट करडईच्या तेलात आहेत, एम. ग्रॅहमचे रंग अक्रोडाच्या तेलात. करडईतला पांढरा दिसायला सर्वांत स्वच्छ असतो, म्हणून शेवटच्या बैठकीत कपाळावरच्या किंवा नाकाच्या शेंड्यावरच्या हायलाइटला तो अगदी योग्य. पण तोच खालच्या थरात जाड वापरला आणि वर जवसातले रंग आले, तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागून हलतो, आणि काही महिन्यांत कपाळावर बारीक भेगा दिसू लागतात. खाली जवस आणि वर करडई, हा क्रम पाळला तर अडचण येत नाही.

पिवळेपणाची भीती मात्र थोडी जास्तच बाळगली जाते. जवसातला पांढरा अंधारात ठेवला की पिवळा होतो, उजेडात आणला की बराचसा परत निवळतो. भिंतीकडे तोंड करून महिनोन्‌महिने ठेवलेलं पोर्ट्रेट पिवळट वाटलं, तर आधी ते काही आठवडे उजेडात ठेवून बघा. रंगाला दोष देण्याची घाई नको.

आता शिशाचा सफेदा. त्याला इतका मान का आहे हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पॅलेटवर थोडा काढून त्यात नाइफ, म्हणजे रंग मिसळायची बोथट सुरी, टेकवा आणि वर उचला. टायटॅनियमचं टोक लोण्यासारखं तुटतं, शिशाचा रंग मात्र नाइफसोबत लांब ओढला जातो. ही ओढ चित्रात थेट उपयोगी पडते. समजा गालाच्या हाडाखाली हिरवट-करडा हाफटोन, म्हणजे उजेड आणि सावली यांच्या मधली छटा, ओला आहे आणि त्यावर हॉग ब्रशनं (डुकराच्या राठ केसांच्या ब्रशनं) उजेडाची छटा न्यायची आहे. शिशाचा रंग जाताना खालचा हाफटोन थोडा उचलतो, अर्ध्या वाटेत त्यात मिसळतो आणि कडेला स्वतःहून विरून जातो. उजेडाकडून सावलीकडे जाणारा मधला टप्पा एकाच स्ट्रोकमध्ये मिळतो. टायटॅनियमचा तसाच स्ट्रोक खालच्याला दाबून टाकतो. कड ठळक उमटते, मग ती कोरड्या ब्रशनं मोडावी लागते, आणि मोडताना रंग मळतो.

शिशाचा रंग देण्याचा जोरही कमी. हाताशी एक ठरलेली मधली छटा ठेवून, लाल मातीचा रंग तेवढ्याच उजेडापर्यंत न्यायचा असेल, तर टायटॅनियमच्या दुप्पट-तिप्पट तरी माल शिशाचा लागतो. ट्यूब लवकर संपते, हे खरं. पण छटा पायरी-पायरीनं चढवता येतात आणि लालाचा लालपणा टिकतो. शिवाय हे रंगद्रव्य तेल फार कमी पितं, म्हणून खालच्या थरांना ते आदर्श. शिसं स्वतःच तेल वाळायला मदत करतं. पातळ थर दोन-तीन दिवसांत हाताला कोरडा लागतो, तिथे जवसातल्या टायटॅनियमला आठवडा आणि करडईतल्याला त्याहून जास्त लागू शकतो. मॉडेलची पुढची बैठक पाच दिवसांवर असेल तर हा फरक मोठा आहे. जवसाच्या तेलातला शिशाचा पापुद्रा चिवट आणि लवचिकही राहतो, जुन्या चित्रांतले उजेडाचे भाग शतकांनंतर शाबूत दिसतात त्याचं हे एक कारण.

ब्रिटिश चित्रकार लुशियन फ्रॉइडच्या उत्तरकाळातली शरीरं ज्या खरखरीत, जड रंगानं उभी राहिली तो क्रेमनिट्झ व्हाइटच. मात्र ट्यूब घेतली म्हणजे जुन्या उस्तादांचा पोत आपोआप येईल असं नाही. रेम्ब्रांटच्या जाड थरांचं विश्लेषण करणाऱ्यांना २०१९ मध्ये त्यांत प्लम्बोनाक्राइट हे शिशाचं दुर्मीळ संयुग सापडलं, आणि तेलच शिशाच्या ऑक्साइडनं क्षारधर्मी केलं असावं असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे पोत रंगद्रव्याइतकाच तेलातही होता. आज घेताना मायकेल हार्डिंगचा क्रेमनिट्झ जवस आणि अक्रोड अशा दोन्ही तेलांत मिळतो. पहिला खालच्या थरांना, दुसरा वरच्या उजेडाला घ्यावा. जुन्या स्टॅक पद्धतीनं, म्हणजे शिशाचे तुकडे व्हिनेगरच्या वाफेत ठेवून, बनवलेल्या शिशाच्या सफेद्याचे कण लहान-मोठे मिसळलेले असतात आणि त्याची ओढ आणखी लांब असते. रुब्लेव्ह या ब्रँडच्या यादीत तो आहे. मोठ्या कॅनव्हासवर त्याची गरज नाही, पण लहान पोर्ट्रेटमध्ये फरक डोळ्यांना दिसतो.

धोका खरा आहे आणि तो कमी लेखू नये. ट्यूबमधला तेलात भिजलेला रंग हवेत उडत नाही, शिसं शरीरात जातं ते मुख्यतः हातावरून तोंडात आणि धुळीतून श्वासात. म्हणून नायट्राइलचे हातमोजे, स्टुडिओत खाणंपिणं बंद, ब्रश तोंडात धरायचा नाही. वाळलेला थर कोरडा घासायचा नाही, उंचवटा काढायचाच असेल तर नाइफनं खरवडून ओल्या फडक्यानं टिपायचा. कोरडी पूड घरी घोटण्याच्या फंदात पडू नका. घरात लहान मूल असेल, कुणी गरोदर असेल, किंवा झोपायची खोलीच स्टुडिओ असेल तर शिसं आणूच नका, यात तडजोड नको. युरोपीय संघात या रंगाच्या विक्रीवर कडक निर्बंध आहेत ते याच कारणांनी.

‘फ्लेक व्हाइट ह्यू’ किंवा ‘रिप्लेसमेंट’ नावाच्या, फ्लेक व्हाइटची नक्कल करणाऱ्या बिनशिशाच्या ट्यूबा मधला रस्ता देतात. गॅम्बलिनचा फ्लेक व्हाइट रिप्लेसमेंट ओढ आणि कमी जोर या दोन्ही बाबतींत बराच जवळ जातो. लवकर वाळणं आणि शिशाचा चिवट पापुद्रा मात्र यांपैकी कशातच नसतो. ‘ह्यू’ लिहिलेली कुठलीही ट्यूब घेण्याआधी पीडब्ल्यू ४ आहे का हे तपासा, अनेकांत असतो.

ज्यांना नवी ट्यूब घ्यायचीच नाही त्यांनी घरच्या टायटॅनियमला वळण लावावं. लागतात फक्त बारीक खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि स्टँड ऑइल, म्हणजे तापवून घट्ट केलेलं जवसाचं तेल. तोंडाला मास्क लावून काचेवर पूड घ्या, मध्ये खळगा करा, तेल थेंबाथेंबानं घाला आणि नाइफनं दाबून घोटा. गोळा काचेवर पसरत नाही पण नाइफला ओढला जातो, इतपत घट्ट हवा. तेल जास्त झालं तर पूड वाढवा. पातळ पुट्टी रंग घसरवते आणि वर सुरकुत्या आणते. तीन भाग टायटॅनियमला एक भाग पुट्टी हे सुरुवातीचं प्रमाण. तेलात खडू जवळजवळ पारदर्शक होतो, त्यामुळे शुभ्रता फारशी न ढळता जोर उतरतो आणि रंगाला लांबी येते. निम्म्याला निम्मं केलंत तर हायलाइटला अंग राहत नाही आणि थर करडा वाटू लागतो. स्टँड ऑइलमुळे वाळायला वेळ लागतो, तेव्हा घाई असेल तर लिक्विनसारखं अल्कीड मीडियम (रंग लवकर वाळवणारं मिश्रण) किंचित मिसळा, पण मग ते वरच्या सगळ्या थरांतही ठेवा.

सावळ्या आणि काळ्या त्वचेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पांढऱ्याचा गैरवापर तिथे लगेच उघडा पडतो. अशा त्वचेचा उजेड पांढऱ्यानं चढवायला गेलं की ती राखेसारखी करडी होते. आधी ट्रान्सपरंट ऑक्साइड रेडला यलो ऑकरनं, मग कॅडमियम ऑरेंजनं उजळवा. पांढरा शेवटी आणि नाइफच्या टोकाएवढाच घ्या. कपाळ, गालाचं हाड आणि ओठांवरची चमक ही त्वचेचा स्वतःचा रंग नसून खिडकीचं प्रतिबिंब असते, म्हणून ती थंड आणि कडक कडेची असते. तिथे मात्र टायटॅनियम पुट्टीशिवाय, निळ्याचा स्पर्श देऊन, एकाच स्ट्रोकमध्ये ठेवावा आणि परत त्याला हात लावू नये.

मोठी ट्यूब विकत घेण्याआधी लहान ट्यूब आणून एक चाचणी जरूर करा. मधल्या करड्या रंगाची फळी घ्या. पांढऱ्या पॅलेटवर उजळ छटांचा अंदाज नेहमी चुकतो. लाल मातीच्या रंगाचे सारखे चार ठिपके ठेवा आणि त्यांत पांढऱ्याचे एक, दोन, चार, आठ ठिपके मिसळून पट्टी ओढा. त्याशेजारी ओल्या हाफटोनवरून एक स्ट्रोक न्या आणि कड कशी येते ते पाहा. मग त्याच रंगाचा एक थर जाड, एक पातळ लावून रोज बोट लावून बघा. जाड थरावर साय धरून आत ओलं राहिलं तर हा रंग शेवटच्या बैठकीसाठी ठेवा. पट्टीची दुसरी प्रत ड्रॉवरमध्ये महिनाभर ठेवून शेजारी धरली की पिवळेपणाही कळतो. प्रत्येक पट्टीमागे रंगद्रव्याचा संकेत आणि तेलाचं नाव लिहून ठेवा.

ट्यूब बंद करताना पेचावरचा रंग फडक्यानं पुसा. तिथे वाळलेला पांढरा पुढच्या वेळी खड्यांसारखा सुटून गालाच्या मऊ थरात जातो आणि ओल्या रंगातून तो काढताना शेजारचा हाफटोनही जातो. शिशाची ट्यूब असेल तर ते फडकं वेगळ्या बंद डब्यात ठेवून घातक कचऱ्यात द्या, मोरीत धुऊ नका.