जागलीचे वॉकी-टॉकी, सात महिन्यांनंतर: पॉवर पुरली, नॉबने छळलं

पेरणीच्या वेळी घेतलेले 12 सेट आता तूर निघेपर्यंत वापरून झाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा-भद्रावतीच्या पट्ट्यात, रानडुकरं आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) पीक राखायच्या रात्रीच्या जागलीसाठी. गावासाठी कोणी सेट घेणार असेल तर दुकानात वॉट नंतर विचारा, आधी चॅनलचा नॉब अंगठ्याने फिरवून बघा. सहज फिरला तर तो सेट घेऊ नका.

16 घरांचा, म्हणजे 16 चॅनलांचा, हा नॉब सेटच्या डोक्यावर, अँटेनाला लागूनच असतो. खिशातून काढताना, मचाणावर चढताना, घोंगडीला घासून तो एक घर सरकतो. सेट चालूच असतो, बटण दाबलं की लाल दिवाही लागतो, फक्त आवाज कोणाकडे पोचत नाही. सेट धरणाऱ्याला वाटतं रेंज गेली, बाकीच्यांना वाटतं याला झोप लागली. वाघाच्या भागात एक माणूस गप्प झाला की दोघांना मचाण सोडून अंधारात त्याला बघायला जावं लागतं. सेट घेतले ते नेमकी हीच पायपीट टाळायला. नॉब सरकला की सेट नंबर बोलून दाखवतो खरा, पण रात्री आवाज बारीक ठेवलेला असतो, ते कोणाला ऐकू येत नाही.

सेवा केंद्राने हा दोष मानलाच नाही. वर प्रत्येक सेटचे सॉफ्टवेअर बदलायचे वेगळे पैसे सांगितले. ते देऊ नका, सेट कॉम्प्युटरला जोडणाऱ्या 400 रुपयांच्या प्रोग्रामिंग केबलमध्ये बाराही सेटचं काम होतं. सेट बंद करून केबल शेवटपर्यंत दाबा. दोन पिनांचा प्लग किंचित जरी बाहेर राहिला तरी वाचन फसतं, आणि लोक केबलच खराब समजतात. मग सेट चालू करून आधी त्यातली मूळ माहिती वाचून कॉम्प्युटरवर जपून ठेवा. मग सोळाही घरांत एकच फ्रिक्वेन्सी आणि एकच टोन (आवाजासोबत जाणारी, कानाला न जाणवणारी खूण) भरा, चॅनलची रुंदी 12.5 किलोहर्ट्झच ठेवा, आणि परत लिहा. आता नॉब कुठेही फिरो, माणूस तुटत नाही. त्याच बैठकीत सलग बोलण्याची मर्यादा 60 सेकंद करा. अंगाखाली बटण दबून राहिलं तर एकटा सेट सगळ्यांची लाइन अडवून धरतो. आवाजाने आपोआप सुरू होणारी सोय बंदच ठेवा, नाहीतर कुत्रं भुंकलं तरी प्रसारण सुरू होतं.

टोनबद्दल एक गैरसमज फार आहे. टोन लावला म्हणजे बोलणं गुप्त झालं, असं नाही. टोन फक्त आपल्या सेटवर दुसऱ्यांचा आवाज अडवतो. आपलं बोलणं त्या चॅनलवरचा कोणीही ऐकू शकतो. उलट एका सेटचा टोन चुकला तर तो सेट बहिरा होतो. शंका आली की मॉनिटरचं बटण, म्हणजे टोनची अट तात्पुरती काढणारं बटण, दाबून ऐका. आवाज आला तर टोनची चूक, नाही आला तर अंतराची.

रेंजबद्दलचं मत मात्र बदलावं लागलं. अर्ध्या वॉटचे सेट म्हणून सुरुवातीला नाराजी होती. पऱ्हाटी (कपाशी) कमरेएवढी असेपर्यंत दीड किलोमीटर स्वच्छ ऐकू यायचं, तूर डोक्यावर गेली तसं निम्म्यावर आलं. ओल्या पानांत ही फ्रिक्वेन्सी मुरते. पण तोच सेट मचाणावर, पिकाच्या वर, उभा धरला की आवाज पुन्हा पोचतो. धुऱ्यावर बसून, कमरेला लावूनच बोललं तर पीक आणि शरीर दोन्ही आड येतात. 5 वॉटने टप्पा दहापट होत नाही, वावरात जेमतेम पावणेदोनपट होतो, आणि त्याला लायसन्स लागतं. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमधले कमी पॉवरचे सेट लायसन्समधून मोकळे केले आहेत. ऑनलाइन मिळणारे बाकीचे सेट तपासल्याशिवाय घेऊ नका. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फ्रिक्वेन्सी आणि लायसन्सची माहिती न देता केलेल्या विक्रीबद्दल ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या होत्या. खोक्यावर फ्रिक्वेन्सी छापलेली नसेल तर खोकं उघडूही नका.

बोलायची सवयही लावावी लागते. बॅटरी वाचवायला सेट डुलकी घेत असतो, म्हणून पहिला शब्द गिळला जातो. “पूर्वेकडून आले” यातलं “पूर्वेकडून” गेलं की सगळा गाव उलट्या बाजूला धावतो. बटण दाबा, मनात एक मोजा, समोरच्याचं नाव दोनदा घ्या, मग दिशा सांगा.

चार्जिंग यूएसबीवर असल्याने लोडशेडिंगमध्ये पॉवर बँक चालते, हे फार सोयीचं आहे. उन्हाळ्यात टिनाखाली चार्जिंगला लावू नका. 45 अंशांच्या वर लिथियमची बॅटरी चार्ज केली की तिचं आयुष्य घटतं. चार्जरच्या पितळी टोकांवर घामाचं मीठ धरतं, दर पंधरवड्याला कोरड्या फडक्याने पुसा. एका सेटची बॅटरी मेली समजून बाजूला ठेवली होती, टोकं पुसल्यावर रात्रभर चालली.

पुढच्या खरिपाला आणखी 4 सेट लागतील. ते नॉब नसलेले, बटणाने चॅनल बदलणारे आणि कुलूप लागणारे घ्यायचे, जुन्या सेटांची फ्रिक्वेन्सी आणि टोन त्यांत बसतात का हे दुकानातच तपासून.