बादलीत पोहणारे मासे

बादलीत पाणी होतं जेमतेम वीतभर. त्यात लाइव्ह सोनारचा, म्हणजे आवाजाने मासे शोधणाऱ्या यंत्राचा, ट्रान्सड्यूसर (आवाज पाठवणारा-झेलणारा भाग) बुडवून ठेवलेला, आणि गाडीच्या डिकीत टेकवलेल्या स्क्रीनवर वीस-पंचवीस फुटांवरून मासे येत होते, वळत होते, खाली सरकत होते. मी ते पाहिलं, मान डोलावली आणि पैसे पाठवले. वीतभर पाण्याच्या बादलीत पंचवीस फूट कुठून आले, हा प्रश्न मला पडायला आठ दिवस लागले. तोही माझा मला पडला नाही, दुसऱ्यामुळे पडला.

लाइव्ह सोनार जुन्या बाजारातून घ्यायच्या विचारात असलेल्यांनी हे जरूर वाचावं. हसलात तरी हरकत नाही, घरी हसून झालंय.

मी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरतो आणि उन्हाळ्यात त्याच तळ्यात छोटी बोट घालतो. इतकी वर्षं साध्या फ्लॅशरवर भागवलं. फ्लॅशर आपल्या भोकाखालचं तेवढं सांगतो: तळ इथे, आमिष इथे, मधे काहीतरी आहे. लाइव्ह सोनारचं प्रकरण वेगळं. ट्रान्सड्यूसर आवाजाच्या लाटा पुढे फेकतो, परत आलेल्या लाटांवरून चित्र बनतं, आणि मासा हलला की स्क्रीनवरही त्याच क्षणी हलतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४०० ते १५०० मीटर जातो, त्यामुळे साठ मीटरवर जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही. गार्मिनचं लाइव्हस्कोप २०१८ साली आलं, लोरान्सचं ॲक्टिव्हटार्गेट २०२० मध्ये, हमिनबर्डचं मेगा लाइव्ह २०२१ मध्ये. तेव्हापासून तळ्यावरचं वातावरणच बदललं. शेजारचा माणूस स्क्रीनकडे बघून उठतो, तीस फूट उजवीकडे चालत जातो, तिथे भोक पाडतो आणि पाच मिनिटांत मासा काढतो. आपण मात्र सकाळपासून एकाच भोकावर बसलेले. असं दोन हिवाळे पाहिलं की माणसाचा तोल जातो.

माझा गेला. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत जाहिरात दिसली: स्क्रीन, ट्रान्सड्यूसर, लिथियम बॅटरी, पिशवी, खांब, सगळं एकत्र. ‘बर्फावर आणि बोटीत दोन्हीकडे चालेल, काहीही बदलावं लागणार नाही.’ मी अडकलो तो या ‘दोन्हीकडे’वर. दोन संच घ्यायची ऐपत नाही आणि एकातच काम होतंय म्हटल्यावर डोकं बाजूला पडलं.

भेट ठरली संध्याकाळी, एका पार्किंगमध्ये. अंधार पडत होता, हात गारठले होते. विक्रेता बोलायला गोड. बादली त्यानेच आणली होती, ‘तुमची खात्री झालेली बरी’ म्हणून. केबल ट्रान्सड्यूसरमधून निघून पिशवीच्या चेनमधून आत जात होती. चेन अर्धीच उघडी. सगळं आतून नीट बांधलंय, आता उलगडत बसलो तर थंडीत परत भरता येणार नाही, असं तो म्हणाला. मला ते पटलंही. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात एक गोल स्टिकर होता, काच नवी असताना असतो तसा. बघा, अजून स्टिकरही काढलेला नाही, हेही त्यानेच दाखवलं. नंतर कोणीतरी दुसरा बघायला येणार आहे म्हणाला. पैसे ॲपवरून पाठवताना ‘ओळखीच्या व्यक्तीला’ हा पर्याय निवडा, म्हणजे फी कापली जाणार नाही, असं सुचवलं. मी निवडला. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं यांत अंतर असतं.

पुढच्या रविवारी तळ्यावर गेलो. बर्फ फूटभर जाड, पायाखाली भक्कम. ऑगरने दहा इंची भोक पाडलं, खांबाला लावलेला ट्रान्सड्यूसर खाली सोडला, स्क्रीन लावली. मासे! एकदम पाच-सहा. गळ सोडला. मासे आले, गेले, परत आले. एकाने तोंड लावलं नाही. आमिष बदललं, रंग बदलला, गळ अगदी हळू हलवून पाहिला. स्क्रीनवर माझं आमिष मात्र कुठे दिसत नव्हतं. या सोनारचा झोत बाजूने अरुंद असतो, वीस अंशांच्या आसपास, म्हणजे दहा मीटरवर त्याची रुंदी साडेतीन मीटर. खांब जरा फिरला की समोरची वस्तू गायब. तेव्हा मी आपला खांब फिरवतोय, इंच-इंच, मोठ्या कसबाने. दीड तास.

माझा जोडीदार पन्नास पावलांवर बसला होता. तो चहाचा थर्मास घेऊन आला, माझ्या स्क्रीनकडे जरा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, “अरे, हा मोठा मासा मघाशी पण असाच वळला होता.” मग त्याने काही न विचारता खांब धरला आणि वर ओढला. ट्रान्सड्यूसर भोकातून बाहेर आला. त्यावरून पाणी ठिबकत होतं आणि ठिबकता ठिबकता गोठत होतं. स्क्रीनवर मासे पोहत होते.

आम्ही दोघं काही वेळ बोललोच नाही. मग त्याने नखाने कोपऱ्यातला स्टिकर काढला. खाली बारीक अक्षरांत ‘सिम्युलेटर’ लिहिलेलं.

ही सोय खोटी नाही. दुकानात यंत्र काउंटरवर मांडतात तेव्हा गिऱ्हाइकाला काहीतरी दिसावं म्हणून ती दिलेली असते, आणि घरात बसून बटणं शिकायलाही कामाची आहे. पण तिच्या खुणा डोळ्यांसमोर होत्या. स्क्रीनच्या दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचं तापमान २२ अंश होतं. बर्फाखालचं पाणी शून्य ते चार अंशांच्या मधे असतं, हे मला शाळेपासून माहीत आहे. शेजारीच बोटीचा वेग दाखवत होता, आणि मी बर्फावर उलट्या डब्यावर बसलो होतो. दीड तास माझा डबा तळ्यावरून ताशी पाच किलोमीटरने चालला होता आणि मला पत्ता नाही.

घरी येऊन पिशवी पूर्ण उघडली. केबल चेनमधून आत जाऊन अस्तराच्या मागे संपत होती. टोक कापलेलं, वर काळी चिकटपट्टी. ती कशालाच जोडलेली नव्हती. ज्या जातीचा तो ट्रान्सड्यूसर होता त्याला मधे एक वेगळा प्रोसेसरचा डबा लागतो. आवाजाचं चित्र तो डबा बनवतो आणि स्क्रीन नुसती दाखवते. तो डबा संचात नव्हताच. ट्रान्सड्यूसरवरचा अनुक्रमांक खरवडलेला. कापलेली केबल आणि खरवडलेला क्रमांक एकत्र दिसले की वस्तू कुठून आली असेल हे समजायला फार हुशारी लागत नाही. बोटीवरून चोरणारा स्क्रू काढत बसत नाही, तो केबल कापतो. क्रमांकाशिवाय दुरुस्तीला कोणी हात लावला नाही आणि वॉरंटीचा तर विषयच नाही.

स्क्रीन खरी होती, बरं का. पण ती दुसऱ्याच कंपनीची निघाली. या ट्रान्सड्यूसरची केबल शाबूत असती, डबा असता, तरी त्या दोघांचं जुळलं नसतं. गार्मिनचा लाइव्ह ट्रान्सड्यूसर गार्मिनच्याच स्क्रीनशी बोलतो, लोरान्स आणि हमिनबर्डचंही तसंच. त्यातही कंपनीची प्रत्येक स्क्रीन चालत नाही. गार्मिनच्या स्वस्त स्ट्रायकर मालिकेवर लाइव्हस्कोप चालत नाही आणि नेमकी तीच स्क्रीन ‘लाइव्ह संचा’त घालून विकणारे मी त्यानंतर दोनदा पाहिले. जाहिरातीत मॉडेलचा पूर्ण क्रमांक नसेल तर पुढे वाचूच नका.

उरली बॅटरी. वर छापलेलं ‘३० अँपिअर-तास’. माझा त्या लेबलवर आता विश्वास नव्हता, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. एक किलो शंभर ग्रॅम. बायको म्हणाली, एवढ्या वजनाचा तर आपला खलबत्ताही नाही, जड आहे. खरी १२ व्होल्टची, ३० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तीन-साडेतीन किलोंची असते, तेवढे सेल आत बसवायचे तर वजन होणारच. तरी गाडीच्या इंडिकेटरचे २१ वॅटचे दोन बल्ब लावून घड्याळ पाहिलं. सव्वादोन तासांत बल्ब विझले. हिशोब सात-साडेसात अँपिअर-तासांचा लागला.

हा हिशोब कंटाळवाणा वाटेल, पण बर्फावर सगळं यावरच अडतं. फ्लॅशर छोट्या बॅटरीवर दिवस काढतो. लाइव्ह सोनारचा डबा वीस-एकवीस वॅट खातो आणि नऊ इंची स्क्रीन तिच्या झगमगाटाप्रमाणे जवळपास तेवढेच. चाळीस वॅट धरा. दहा तासांना चारशे वॅट-तास, म्हणजे खरोखरची ३० अँपिअर-तासांची बॅटरीही जराशी कमीच पडते, आणि थंडीत तिचा दम आणखी कमी होतो. शून्याखालच्या तापमानात लिथियम बॅटरी वापरता येते, पण चार्ज करायची नसते. आत लिथियमचा धातू साचतो आणि सेल कायमचे बिघडतात. गाडीत रात्रभर गारठलेली बॅटरी घरात आणून आधी कोमट होऊ द्यायची, मगच चार्जर लावायचा. उन्हाळ्यात वेगळी पीडा: बोटीच्या इंजिनाच्याच बॅटरीवर सोनार लावलं तर स्टार्टर मारताना व्होल्टेज बसतं आणि यंत्र बंद होऊन परत सुरू होतं. वर मोटरची खरखर चित्रात उतरते ती निराळी. सोनारला स्वतःची बॅटरी हवी, दोन्ही ऋतूंत.

म्हणजे ‘काहीही बदलावं लागणार नाही’ हेही खोटंच होतं. स्क्रीन, डबा, ट्रान्सड्यूसर आणि बॅटरी बर्फावरून बोटीत नेता येतात, लोक नेतातही. पण बर्फावर ट्रान्सड्यूसर हाताने फिरवायच्या खांबावर लागतो आणि बोटीत ट्रोलिंग मोटरच्या (बोट हळू चालवायच्या छोट्या विजेच्या मोटरच्या) दांड्याला किंवा कडेला बसवलेल्या वेगळ्या खांबाला. पकड दोन वेळा विकत घ्यावी लागते. पुढे बघायचं की सरळ खाली, त्याप्रमाणे कोन बदलावा लागतो. केबलची जोडणी दर मोसमात निघते-लागते, तेव्हा पिना पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर थेंबभर पाणी आत गोठतं. थंडीत केबल काठीसारखी ताठ होते, तिला जबरदस्तीने वाकवायचं नाही. विक्रेता खरोखर वापरणारा असेल तर यातलं निम्मं तो न विचारता सांगतो. माझ्या विक्रेत्याने एकही गोष्ट सांगितली नव्हती. तो थंडीत केबल उलगडायचा कंटाळा मात्र सांगत होता.

तक्रार केली. जाहिरात तोवर गेली होती आणि फोन बंद. पैसे ‘ओळखीच्या व्यक्तीला’ पाठवलेले, त्यामुळे ॲपवाल्यांनी शांतपणे हात वर केले. ट्रान्सड्यूसर पोलिसांकडे जमा केला. कोणाच्या तरी बोटीचा असेल तर निदान त्याला मिळो, कापलेला का होईना.

यंदा वसंतात दुसरा संच घेतला, वापरलेलाच. या वेळी मी आधीच सांगितलं की धक्क्यावर, दिवसाउजेडी, पाण्यात बघणार. मॉडेल आणि अनुक्रमांक आधी मागवून घेतले, पहिल्या खरेदीची पावती पाहिली. विकणारे आजोबा होते. गुडघे दुखतात, आता बोटीत चढवत नाही म्हणाले. मी खिशातून दोऱ्याला बांधलेला लोखंडी नट काढला आणि पाण्यात सोडला. स्क्रीनवर एक ठिपका खाली जाऊ लागला. मी दोरा हलवला, ठिपका हलला. खांब वळवला, ठिपका नाहीसा झाला. परत वळवला, आला. आजोबा माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होते. मग मी क्षणभर ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर उचलला. चित्र गेलं, स्क्रीनवर नुसती खरखर राहिली.

“काय झालं, बिघडलं की काय?” आजोबांनी घाबरून विचारलं.

मी म्हटलं, “नाही, घेतो मी.”